गिरनारच्या पायऱ्या आणि गुडघ्याचा पट्टा

गिरनारच्या दत्तपादुकांचे दर्शन घ्यावे, ही आम्हां दत्तभक्तांची जुनी हौस. वाट सुमारे १०,००० पायऱ्यांची. २०२० साली अंबाजीपर्यंत रोपवे झाला. पुढे पायऱ्या आहेतच.

दुखऱ्या गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. वाकलेल्या गुडघ्यावर शरीराचा भार येतो, मांडीचे स्नायू तो तोलून धरतात आणि वाटी हाडावर जोराने दाबली जाते.

पट्टा बांधला म्हणजे भार त्याने उचलला, अशी आमच्यापैकी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. साधी नी-कॅप ऊब व हलका आधार देते, दुखणे कमी जाणवते. भार स्नायूंनीच पेलावयाचा असतो. म्हणून यात्रेपूर्वी दोन महिने तरी रोज, उताणे निजून पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करावा. नी-कॅप मापाची घ्यावी. पोटरी सुजली वा पाय बधिर झाला तर लगेच काढावी. उतरताना हाती काठी असावी.

गुडघा सुजत, अडकत किंवा अचानक लचकत असेल, तर आधी डॉक्टरांस दाखवावे. अशांसाठी डोली आहे. डोलीतून घेतलेले दर्शन उणे ठरते, असे आम्ही मानीत नाही.