एका खांबाचा तिढा आणि वरळीतील तडजोड

विकास प्रकल्पांवरून निर्माण होणारे पर्यावरणाचे वाद बहुधा न्यायालयात पोहोचतात आणि तेथे निवाडा होतो तो मंजुरी वैध की अवैध, एवढ्याच मुद्द्यावर. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाची सीआरझेड मंजुरी उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली; डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. वरळी कोळीवाड्यातील मच्छिमारांचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

हा प्रश्न समुद्रात जाण्याच्या वाटेचा होता. किनारा मार्गाला वांद्रे-वरळी सागरी सेतूशी जोडणारा पूल क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून जातो. त्याच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर राहणार होते. कागदावर ते ऐसपैस वाटते. परंतु वारा सुटलेला, पाण्याला ओढ आणि समोरून दुसरी नौका येत असेल, तर होडी खांबावर आदळण्यास वेळ लागत नाही, असे नाखवांचे म्हणणे होते. सागरी सेतूखालून ये-जा करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. महापालिका तज्ज्ञांच्या अहवालावर बोट ठेवून ६० मीटर पुरेसे असल्याचे सांगत राहिली. अखेर मच्छिमारांनी २०२१ मध्ये नौका आडव्या घालून काम रोखले.

कोंडी फुटली ती वाद मोजता येण्याजोग्या आकड्यावर आल्यानंतर. मच्छिमारांची मागणी १६० मीटरची होती. डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी १२० मीटरचा तोडगा जाहीर केला. त्यासाठी नियोजित खांबांपैकी एक वगळावा लागला आणि एवढा मोठा गाळा पेलण्यासाठी पोलादी कमानींची रचना करावी लागली. न्हावा येथून तराफ्यावरून आणलेली १३६ मीटर लांबीची पहिली तुळई एप्रिल २०२४ मध्ये बसली, तर १४३ मीटरची दुसरी पुढच्याच महिन्यात. जानेवारी २०२५ मध्ये ही जोडणी दोन्ही दिशांनी खुली झाली. आराखड्याच्या वेळीच नाखवांना विचारले असते, तर हा विलंब आणि बराचसा वाढीव खर्च टळला असता.

तडजोडीने सुटला तो नौकांच्या वाटेचा प्रश्न. भरावाखाली गेलेल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कालवे आणि खेकडे गोळा करणाऱ्यांची जागा मात्र कोणत्याही गाळ्याच्या रुंदीने परत येणारी नाही.