कोपीवर प्रश्नावली नेण्याआधी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी संधी देते. त्यातली काही मुलं-मुली गरोदरपणातल्या आरोग्याचा विषय घेऊन ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर), आदिवासी पाड्यांवर जातात. जाताना काही समजुतीही सोबत नेतात.

सगळ्यात चिवट समजूत ही, की तिथल्या गरोदर बायका अडाणी म्हणून तपासणीला येत नाहीत. बीडची गरोदर मुलगी गावात असते तेव्हा आशाताई दारात येतात, माता-बाल संरक्षण कार्ड भरलं जातं. दिवाळीच्या आसपास टोळी निघते ती सांगली, कोल्हापूर, नाहीतर थेट कर्नाटकात, परतते उन्हाळ्यात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीवर, 'कोयत्या'वर घेतलेली. दवाखान्यात दिवस गेला की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत असते खरी, पण परमुलखात ती कुठे होते हे सांगायला ओळखीची आशाताई नसते. तेव्हा 'तपासणीचं महत्त्व माहीत आहे का?' हा प्रश्न खुशाल काढून टाका. 'खाड्याचे किती कापतात?' हे विचारा.

'तरणं शरीर, बाळंतपण सोपं' हे सासूचं मत शिकलेल्यांनाही पटलेलं असतं. उलट किशोरवयात रक्तदाब वाढण्याचा, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

इथेच तिसरी गफलत होते: 'नाव गुप्त ठेवू' म्हटलं की काम भागलं! नाही भागत. गरोदर मुलगी अठराच्या आतली असेल, तर २०१२ च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरीही. विश्वासाने सांगितलेलं वय तिच्या दारात पोलीस आणू शकतं. म्हणून हा पेच आधी नैतिकता समितीपुढे मांडा, संमती घेताना तिला स्पष्ट सांगा, आणि मगच वय विचारा.

महागड्या यंत्रांशिवाय संशोधन होत नाही, हेही खरं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात काय खाता, किती वेळा खाता, याची बारकाईने नोंद होती. पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः मोठी होती, हे त्यातून दिसलं.

आणि एक विनंती. अहवाल पाठवून मोकळे होऊ नका. नावं वगळून तो उपकेंद्रातल्या सिस्टरना आणि आशाताईंना मराठीत वाचून दाखवा. पुढच्या हंगामात त्या मुलींशी गाठ त्यांचीच पडणार आहे.