इंग्रजीतील जोडविशेषणे : क्रम, स्वल्पविराम आणि अन्वय

पदवीपरीक्षेच्या इंग्रजी निबंधांत एका विशिष्ट जागी स्वल्पविराम हमखास चुकलेला आढळतो. ती जागा म्हणजे नामापूर्वी लागोपाठ आलेल्या दोन विशेषणांमधली. ‘ॲन ओल्ड, वुडन ब्रिज’ असे लिहून विद्यार्थी नको तेथे स्वल्पविराम देतो आणि ‘ॲन ऑनेस्ट इंटेलिजंट ऑफिसर’ असे लिहिताना हवा तेथे गाळतो. जेथे श्वास थांबतो तेथे स्वल्पविराम द्यावा, असे त्याला शिकविलेले असते. ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही त्याला हा उपदेश निरुपयोगी आहे. कारण कोठे थांबावे हे अर्थ कळल्यानंतरच ठरते, आणि येथे अडचण नेमकी अर्थाचीच आहे.

वरील दोन उदाहरणे तपासून पाहावीत. अधिकारी प्रामाणिक आहे आणि तो बुद्धिमानही आहे. दोन्ही विशेषणांचा विशेष्याशी संबंध स्वतंत्रपणे व सारख्याच नात्याने जुळतो. म्हणून त्यांच्यामध्ये ‘अँड’ हे अव्यय घालता येते, त्यांचा क्रमही उलटविता येतो, आणि अव्यय गाळल्यास त्याच्या जागी स्वल्पविराम येतो. पुलाची गोष्ट वेगळी. तेथे ‘वुडन ब्रिज’ ही आधी एक वस्तू म्हणून सिद्ध होते आणि ‘ओल्ड’ हे विशेषण त्या सिद्ध झालेल्या संपूर्ण पदसमूहाला लागते. ‘वुडन ओल्ड ब्रिज’ किंवा ‘ओल्ड अँड वुडन ब्रिज’ हे इंग्रजी कानाला खटकते. पहिल्या प्रकारच्या विशेषणांना समकक्ष आणि दुसऱ्या प्रकारच्यांना स्तरबद्ध म्हणता येईल. ‘समानाधिकरण’ हा शब्द सहज सुचण्यासारखा आहे. परंतु संस्कृत व्याकरणात त्याला वेगळा अर्थ असल्यामुळे तो येथे टाळला आहे.

हा भेद केवळ लेखनशुद्धीचा नव्हे. आपल्या अभ्यासक्षेत्रातलेच उदाहरण घेऊ. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्यास उद्देशून एखाद्याने ‘द फर्स्ट कॉम्प्रिहेन्सिव्ह डिक्शनरी’ असे लिहिले, तर सर्वसंग्राहक म्हणता येतील अशा कोशांत तो पहिला, एवढेच विधान होते. त्यापूर्वी लहान कोश झाले असतील, ही शक्यता मोकळी राहते. मात्र ‘फर्स्ट’नंतर स्वल्पविराम दिला की तो कोश मुळात पहिलाच ठरतो आणि शिवाय सर्वसंग्राहकही. १८१० साली श्रीरामपूर येथे छापलेला विल्यम केरी यांचा कोश त्या एका चिन्हाने इतिहासातून पुसला जातो. प्रबंध इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या संशोधकांनी एवढ्याचसाठी तरी या चिन्हाकडे लक्ष द्यावे.

आता क्रमाकडे वळू. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे कर्ते टोल्किन हे स्वतः भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. कवी ऑडन यांना १९५५ साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी बालपणीची एक आठवण सांगितली आहे. सुमारे सात वर्षांचे असताना त्यांनी एका राक्षसी सर्पाची गोष्ट लिहिली. ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’ असे म्हणता येत नाही, ‘ग्रेट ग्रीन ड्रॅगन’ असेच म्हटले पाहिजे, असे आईने त्यांना सांगितले. असे का, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला आणि पुढेही सुटला नाही.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाठ्यपुस्तके एक यादी देतात : प्रथम वक्त्याचे मत, मग आकारमान, वय, आकृती, रंग, मूळ स्थान, द्रव्य आणि शेवटी प्रयोजन. यादी बव्हंशी खरी आहे. परंतु ती मुखोद्गत करून घेण्याच्या पद्धतीविषयी माझे मत प्रतिकूल आहे, कारण यादी हे कार्य आहे, कारण नव्हे. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ सालच्या बृहद्‌व्याकरणात विशेष्यापूर्वीच्या जागेचे पट्टे कल्पिले आहेत. त्या मांडणीचा सारांश असा की जो गुण वस्तूच्या स्वरूपाशी निगडित आणि पाहणाऱ्याच्या मतावर कमी अवलंबून, तो नामाच्या अधिक जवळ. लाकूड हे पुलाचे द्रव्यच आहे. पूल जुना आहे की नवा हे काळावर अवलंबून. तो सुंदर आहे की नाही हे पाहणाऱ्यावर. म्हणून ‘अ ब्यूटिफुल ओल्ड वुडन ब्रिज’. हे तत्त्व समजले की यादी पाठ करावी लागत नाही आणि तिचे अपवादही भेडसावीत नाहीत. उदाहरणार्थ, समोर अनेक मोठ्या पिशव्या असताना त्यांतली काळी हवी असेल, तर ‘ब्लॅक’ या शब्दावर आघात देऊन ‘द ब्लॅक बिग बॅग’ असे म्हणता येते. तेथे ‘बिग बॅग’ हा वर्ग आधीच ठरलेला असतो आणि रंग हा त्यातून निवड करतो.

मराठी विद्यार्थ्याची अडचण कोठे उद्भवते? आपल्याकडे क्रम इतका कडक नाही. ‘गरीब म्हातारा ब्राह्मण’ आणि ‘म्हातारा गरीब ब्राह्मण’ ही दोन्ही रूपे सारखीच सहज वाटतात. शिवाय ‘साधाभोळा’, ‘गोरागोमटा’ यांसारखी जोडविशेषणे आपण अव्ययावाचून व चिन्हावाचून वापरतो. ‘साध्याभोळ्या माणसाला’ म्हणताना त्यांचे दोन्ही अवयव विकार पावतात. आकारान्त विशेषणाचा हा विकारच आपल्याला पुष्कळदा अन्वय सांगतो. ‘नव्या कापडाचा व्यापारी’ आणि ‘नवा कापडाचा व्यापारी’ यांत नवे कोण, कापड की व्यापारी, याबद्दल संदेह उरत नाही. इंग्रजीत मात्र ‘अ न्यू क्लॉथ मर्चंट’ या एकाच रचनेचे दोन्ही अर्थ होतात. विशेषणाला लिंगवचनाचा विकार नसल्यामुळे तेथील सारा भार स्थानावर, आघातावर आणि चिन्हांवर पडतो. नव्या कापडाचा व्यापारी अभिप्रेत असल्यास ‘न्यू’ आणि ‘क्लॉथ’ यांमध्ये संयोगचिन्ह द्यावे लागते.

याच चिन्हाने तिसरा एक संबंधही दाखविला जातो, ज्यात पहिले विशेषण नामाला न लागता दुसऱ्या विशेषणालाच लागते. ‘अ लाइट-ब्लू कोट’ म्हणजे फिकट निळा कोट. ‘अ लाइट, ब्लू कोट’ म्हणजे वजनाने हलका आणि रंगाने निळा. मराठीत ‘फिकट’ आणि ‘हलका’ हे शब्दच वेगळे असल्यामुळे येथे घोटाळ्याची शक्यता आपल्याला सुचतही नाही.

रंग दोन असले म्हणजे ‘अँड’ लागतोच. परंतु तो घालूनही संदिग्धता उरू शकते. ‘अ ब्लॅक अँड व्हाइट कॅट’ ही एकच कबरी मांजर. अनेकवचनात ‘ब्लॅक अँड व्हाइट कॅट्स’ म्हटल्यास सर्वच कबऱ्या, की काही काळ्या आणि काही पांढऱ्या, हे वाक्यावरून कळत नाही. येथे क्रम बदलून किंवा स्वल्पविराम देऊन भागत नाही. ‘ब्लॅक कॅट्स अँड व्हाइट कॅट्स’ असे नामच पुन्हा उच्चारावे लागते.