टाचणीच्या डोक्याएवढा पंप कसा छापतात?

‘लॅब ऑन अ चिप’ हे शब्द तुम्ही कुठेतरी वाचले असतील. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या छोट्या पट्टीत केसाइतक्या बारीक नळ्या तयार करायच्या, त्यांतून एखादा थेंब फिरवायचा आणि एरवी प्रयोगशाळेत होणारी चाचणी त्या पट्टीवरच उरकायची, अशी ही कल्पना. या विषयाला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. फोटोत ती चिप कुणाच्या तरी बोटांच्या चिमटीत दिसते. दिसत नाही तो शेजारच्या टेबलावरचा, बुटाच्या खोक्याएवढा सिरिंज पंप. म्हणून आमच्याकडे एक जुना विनोद आहे: चिपवर लॅब करायला निघालो होतो, झाली लॅबमधली चिप!

हा पंप चिपच्या आत कसा न्यायचा, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यातली मुख्य गोष्ट आज सांगतो.

पंप लागतोच का?

नेहमी नाही. गरोदरपणाच्या घरगुती चाचणीची पट्टी बघा. कागद स्वतःच द्रव ओढून घेतो, काम झालं. पण द्रव थांबवायचा असेल, उलटा न्यायचा असेल, दोन द्रव ठरावीक प्रमाणात मिसळायचे असतील तर कागद ऐकत नाही. शिवाय नळी जितकी बारीक तितका तिचा विरोध जास्त, आणि तोही भलत्याच वेगाने वाढतो. नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढाच प्रवाह ठेवायला १६ पट दाब लागतो.

तीन बोटांची युक्ती

लहानपणी प्लास्टिकच्या नळीतला पेप्सीकोला खाल्लाय ना? खालून बोटांनी दाबत आणलं की बर्फ वर सरकतो. मागचं बोट न सोडता पुढचं दाबत गेलं, तर तो मागे फिरत नाही. आपल्या पंपाचं तत्त्व हेच.

सन २००० मध्ये कॅलटेकमधल्या स्टीफन क्वेक यांच्या गटाने हे सिलिकॉन रबराच्या चिपवर करून दाखवलं. एका थरात द्रवाची नळी, तिला आडवी जाणारी हवेची नळी दुसऱ्या थरात, आणि मध्ये पातळ पडदा. हवा दाबली की पडदा वाकतो, द्रवाची नळी बंद होते. हा झाला व्हॉल्व्ह. असे तीन व्हॉल्व्ह ओळीने ठेवून क्रमाने उघड-बंद केले की झाला पंप.

हे व्हॉल्व्ह आजही वापरात आहेत. पण ते बनवायला हात बसावा लागतो. आधी साचा करायचा, रबर ओतायचं, भाजायचं, सोलायचं, मग सूक्ष्मदर्शकाखाली थरावर थर अचूक बसवून चिकटवायचे. डिझाइनमध्ये जरा बदल केला की साचा पुन्हा पहिल्यापासून.

मग छापूया की!

इथे थ्रीडी प्रिंटिंग येतं. प्लास्टिकची तार वितळवणारा प्रिंटर नव्हे. आम्ही वापरतो तो रेझिनचा. द्रव रेझिनवर प्रकाशाने एका थराचं चित्र पाडायचं. जिथे प्रकाश पडतो तिथे रेझिन घट्ट होतं. मग पुढचा थर. नळ्या, पडदे, पोकळ्या सगळं एकाच तुकड्यात तयार. थर जुळवणं नाही, चिकटवणं नाही. सकाळी डिझाइन बदललं तर दुपारी नवी चिप हातात.

ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की प्रिंटर घन वस्तू छापतो आणि आपल्याला हवी असते पोकळी.

नळीचं छत छापताना प्रकाश छतापाशी थांबत नाही. तो खाली झिरपतो आणि नळीत अडकलेलं रेझिनही घट्ट करतो. नळी बुजली! उपाय म्हणजे रेझिनमध्ये प्रकाश शोषणारा पदार्थ मिसळणं, म्हणजे प्रकाश फार खोल जात नाही. पण तो जास्त झाला तर थर एकमेकांना नीट धरत नाहीत. हे गणित जमवायला अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या ग्रेगरी नॉर्डिन यांच्या गटाने प्रिंटरही स्वतःचा बनवला आणि रेझिनही. २०१७ मध्ये त्यांनी १८ गुणिले २० मायक्रॉन छेदाच्या नळ्या छापून दाखवल्या. केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते, यावरून कल्पना करा.

दुसरी अडचण पडद्याची. घट्ट झालेलं रेझिन सहसा सिलिकॉन रबराइतकं मऊ नसतं, ते वाकायला कुरकुर करतं. इथे भूमिती मदतीला येते. गोल पडद्याची जाडी निम्मी केली तर तेवढ्याच दाबाला तो ८ पट वाकतो; व्यास दुप्पट केला तर १६ पट. पण फार पातळ केला तर फाटतो, फार मोठा केला तर ‘मायक्रो’ कसला! आमचे बरेच दिवस या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यात जातात.

हिशेब करून बघू

समजा पंपाची पोकळी ३०० मायक्रॉन व्यासाची आणि ५० मायक्रॉन खोल आहे. तिच्यात साधारण साडेतीन नॅनोलिटर द्रव मावतो. सेकंदाला ५ आवर्तनं केली आणि प्रत्येक वेळी पोकळी पूर्ण रिकामी झाली, तर मिनिटाला जेमतेम १ मायक्रोलिटर. ५० मायक्रोलिटरचा एक थेंब ढकलायला पाऊण तासाच्या वर! पण ज्या चाचणीला दोन-तीन मायक्रोलिटरच लागतात, तिला हा पंप पुरतो.

म्हणजे प्रश्न सुटला?

अर्धा. पडदा दाबायला हवा लागते, आणि ती अजून बाहेरूनच येते: दाबाखालची हवा, ती सोडणारे विजेवरचे व्हॉल्व्ह आणि त्यांना हुकूम देणारं सर्किट. म्हणजे खोकं गेलं नाही, बदललं. फायदा मात्र खरा आहे. सिरिंज पंपात सहसा प्रत्येक वेगळ्या प्रवाहासाठी वेगळी सिरिंज लागते. इथे त्याच तीन हवेच्या नळ्यांवर चिपमधले दहा पंप एकदम चालवता येतात, कारण द्रव आणि हवा एकमेकांना भेटतच नाहीत.

आणखी एक काम उरतं. न घट्ट झालेलं रेझिन पेशींना विषारी ठरू शकतं, म्हणून पेशींवरच्या प्रयोगांआधी चिप नीट धुवावी लागते. आणि इतक्या बारीक नळीतून चिकट रेझिन बाहेर काढताना तोच नळीचा विरोध पुन्हा आडवा येतो.

तेव्हा यापुढे ‘खिशात मावणारी प्रयोगशाळा’ अशी बातमी वाचलीत, तर एक प्रश्न जरूर विचारा: द्रव कोण ढकलतंय, आणि त्याला ताकद कुठून मिळतेय? जिथे धड प्रयोगशाळा नाही तिथे ती चिप चालेल की नाही, हे बरंचसं या उत्तरावर ठरतं.