मोठ्यांच्या रक्तातलं शहाणपण

1899 साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख जावा बेटावर हिवतापाचा अभ्यास करत होते. अंबारावा भागात त्यांनी लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा तान्ह्या मुलांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी भरपूर सापडले; मोठ्यांच्या रक्तात मात्र ते दिसेनात. डास तर सगळ्यांनाच चावत होते. म्हणजे वयाबरोबर अंगात काहीतरी मुरत होतं.

ते काय, हे 1961 मध्ये गांबियात कळलं. तिथल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडं वेगळी काढून हिवतापाने आजारी असलेल्या मुलांना टोचली गेली. काही दिवसांतच मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले.

गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. हिवतापाचं तसं नाही. त्याचा सर्वांत घातक परजीवी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम तांबड्या पेशीत शिरतो आणि तिच्या पृष्ठभागावर स्वतःचं प्रथिन मांडतो. शरीर ते ओळखू लागेपर्यंत तो प्रथिन बदलतो. अशा सोंगांसाठी त्याच्याकडे सुमारे 60 जनुकं आहेत. एकेक सोंग ओळखायला शिकण्यात बालपण सरतं. आधी जिवावरचा धोका टळतो, पुढे तापही कमी येतो. संसर्ग मात्र पूर्ण थांबत नाही.

आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाला पहिले काही महिने सांभाळतात. ती ओसरली की खरी परीक्षा सुरू होते. 2023 मध्ये हिवतापाने जगात सुमारे 5,97,000 माणसं दगावली, त्यातली 95 टक्के आफ्रिकेत. आणि तिथल्या दर चार मृतांपैकी तीन पाच वर्षांखालची मुलं होती.

कमावलेली ही ताकद कायमचीही नसते. पहिल्या गरोदरपणात वारेला चिकटणारं नवं सोंग समोर येतं आणि धडधाकट बाई पुन्हा धोक्यात येते. वर्षानुवर्षं परदेशी राहून गावी परतलेला माणूसही तापाने फणफणतो.

म्हणून लशीचं मोल मोठं. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांच्या आर-21 लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये केली. ती साधारण पाचव्या महिन्यापासून देतात, म्हणजे आईचं कवच ओसरत असतानाच. जी ताकद कमावताना आजवर लाखो मुलं जिवाला मुकली, तिची सुरुवात आता तापाऐवजी सुईने होऊ शकते.