वयात येताना: मुलांना काय आणि केव्हा सांगावे

पौगंडावस्था, म्हणजे बालपण आणि तारुण्य यांना जोडणारा काळ, मुलींमध्ये साधारणतः ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतो. मेंदूतील अधश्चेतक या भागाकडून इशारा मिळताच पीयूषिका ग्रंथी सक्रिय होते आणि तिच्या संप्रेरकांमुळे, म्हणजे रक्तावाटे संदेश वाहणाऱ्या रसायनांमुळे, बीजकोश व वृषण काम करू लागतात. मुलींची स्तनवाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते; मुलग्यांमध्ये आधी वृषण वाढतात, तर स्वरयंत्र मोठे होऊन आवाज फुटणे, झोपेत वीर्यपतन होणे हे पुढचे टप्पे असतात. ही माहिती बदल घडण्यापूर्वीच, अवयवांची खरी नावे घेऊन दिल्यास भीती आणि अपराधभाव कमी होतो.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक विषयांची शास्त्रीय चर्चा सुरू केली, तेव्हा त्यांना त्यापायी खटले सोसावे लागले. आज मात्र डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात स्थापन केलेल्या आणि नौपाड्यात केंद्र असलेल्या ‘आयपीएच’सारख्या मानसिक आरोग्य संस्थेत पालकांना समुपदेशन घेता येते. वर दिलेल्या वयोमर्यादेपूर्वीच बदल दिसू लागल्यास, किंवा ती उलटूनही काहीच न दिसल्यास, बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.