वाळवंटातील द्यूतनगरी : लास वेगास

द्यूत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हस्तिनापूरची सभा उभी राहते. तेथे फासे कपटाचे होते, म्हणून धर्मराज हरला, अशी आपण आपली समजूत घालून घेतो. परंतु फासे अगदी सरळ असले, खेळाचे सारे नियम सर्वांदेखत मांडलेले असले आणि राज्याचे अधिकारी त्यांवर डोळ्यांत तेल घालून देखरेख करीत असले, तरीही खेळणारा अखेरीस हरतोच! हा चमत्कार पाहावयाचा असेल, तर अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या दक्षिण टोकाशी वसलेल्या लास वेगास या नगरीस जावे. आज श्रोत्यांसमवेत त्या नगरीचा फेरफटका करण्याचे योजिले आहे.

नगरीचे नाव ऐकून मात्र फसू नये. 'लास वेगास' या स्पॅनिश शब्दांचा अर्थ 'कुरणे' असा आहे. मोहावे वाळवंटाच्या या भागात वर्षाकाठी जेमतेम चार इंच पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी कुरणे कोठून आली? येथे जमिनीतून गोड्या पाण्याचे झरे वाहत असत. त्यांच्या काठच्या हिरवळीवर व्यापारी तांडे विसावा घेत आणि जनावरांस चारापाणी मिळे. पुढे या झऱ्यांमुळेच आगगाडीच्या इंजिनांना पाणी देण्याचे ठाणे येथे झाले आणि १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने जमिनीच्या तुकड्यांचा लिलाव पुकारून गाव वसविले. गाव वाढले, उपसा वाढला, आणि १९६२ साली ते झरे वाहावयाचे थांबले. ज्या पाण्याने नगरीस नाव दिले, ते नगरीनेच पिऊन टाकले!

या लहानशा गावाचे भाग्य पालटले ते १९३१ साली. जगावर मंदीची छाया पडली होती आणि नेवाडा राज्यास उत्पन्नाची निकड होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये राज्याने जुगारास कायद्याची मान्यता दिली. त्याच वर्षी, तेथून सुमारे १५ कोसांवर, कोलोरॅडो नदीवरील हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. ७२६ फूट उंचीचा तो बंधारा बांधण्यासाठी हजारो मजूर गोळा झाले. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने बोल्डर सिटी नावाचे नेटके गाव उभारले. मात्र तेथे जुगारास बंदी घातली. परिणाम सांगावयास नकोच. पगाराच्या दिवशी मजुरांची पावले लास वेगासकडे वळू लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर गावाबाहेरच्या हमरस्त्यावर मोठी हॉटेले उठू लागली. 'फ्लमिंगो' हे त्यांतील गाजलेले हॉटेल १९४६च्या डिसेंबरात उघडले. त्याचा चालक बग्सी सीगल हा नामांकित गुन्हेगार होता आणि पुढच्याच वर्षी त्याचा गोळ्या घालून खून झाला. कित्येक वर्षे या धंद्यात गुन्हेगारी टोळ्यांचा पैसा खेळत होता. १९६९च्या कायद्याने भागभांडवलाच्या मोठ्या कंपन्यांना जुगारगृहांची मालकी घेणे सुलभ झाले आणि पिस्तुलाची जागा हळूहळू हिशेबनिसाच्या लेखणीने घेतली. 'स्ट्रिप' या नावाने ओळखला जाणारा तो सुमारे चार मैलांचा रस्ता आज जगप्रसिद्ध आहे. गंमत अशी की, त्याचा बहुतेक भाग लास वेगासच्या नगरहद्दीबाहेरच पडतो. त्याच्या दुतर्फा मिसरचा पिरॅमिड, पॅरिसचा मनोरा, व्हेनिसचे कालवे यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. अलीकडे, २०२३ साली, 'स्फिअर' नावाचा एक प्रचंड गोल तेथून जवळच उभा राहिला. त्याच्या बाह्यांगावर रात्रभर चित्रे नाचत असतात. वर्षाला सुमारे चार कोटी पाहुणे या नगरीत येऊन जातात.

प्रवासी विमानतळावर उतरतो, तोच त्याला खेळाची यंत्रे किणकिणताना ऐकू येतात. हॉटेलात खोलीकडे जाणारी वाट बहुधा जुगारगृहातूनच काढलेली असते. त्या दालनास खिडकी नसते आणि भिंतीवर घड्याळही नसते. बाहेर उजाडले की मावळले, हे कळावयास मार्ग नाही. रोख पैशांच्या जागी हातात रंगीत चकत्या येतात, आणि चकती टाकताना पैसा गेल्याची कळ तितकीशी उमटत नाही. खेळणाऱ्यास मद्य पुष्कळदा फुकट मिळते. यजमान इतका उदार का, हा प्रश्न ज्याच्या मनात येतो, त्याने त्या चक्राच्या खेळाचे गणित एकदा मांडून पाहावे.

'रूलेट' या खेळात एक चक्र फिरते आणि त्यावर सोडलेली गोळी एका घरात जाऊन थांबते. अमेरिकन चक्रावर एकंदर ३८ घरे असतात : १ ते ३६ अंकांची ३६, शिवाय एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. आपण एका अंकावर एक डॉलर लावला आणि तो अंक आला, तर मूळ डॉलर परत मिळून वर ३५ डॉलर मिळतात. आता समजा, आपण ३८ वेळा एकेक डॉलर लावला. सरासरीने एकदा जिंकू आणि ३६ डॉलर हाती येतील. लावले ३८, मिळाले ३६. उरलेले दोन डॉलर मालकाचे! म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरांमागे सुमारे सव्वापाच डॉलर त्याच्या पदरात पडतात. यात लबाडी कोठेही नाही. ती दोन शून्ये हेच त्याचे भांडवल होय.

एखादा भाग्यवान एका रात्रीत हजारो डॉलर जिंकतो, हे खरे. मालकास त्याचे दुःख होत नाही. उलट त्या विजयाचा गाजावाजा होईल, हेच त्याला हवे असते. कारण डाव लाखोंच्या संख्येने खेळले गेले, की सरासरी आपल्या जागी येऊन बसते. स्विस गणिती याकोब बेर्नुली यांचा हा सिद्धान्त त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पाहुणा मोजके डाव खेळतो, म्हणून त्याच्यासाठी ते नशीब असते. मालक सर्वांचे सर्व डाव खेळतो, म्हणून त्याच्यासाठी ते निव्वळ उत्पन्न असते. नशिबाची म्हणून गाजलेली ही नगरी स्वतःपुरते काहीच नशिबावर सोडत नाही.

याचा दुसरा पुरावा जुगारगृहाबाहेर, नळाच्या पाण्यात सापडतो. आज या परिसराचे सुमारे नव्वद टक्के पाणी हूव्हर धरणामागील मीड जलाशयातून येते. कोलोरॅडोच्या खालच्या खोऱ्यातील तीन राज्यांसाठी १९२८ साली जी वाटणी ठरली, तीत ७५ लाख एकर-फुटांपैकी नेवाडाच्या वाट्यास अवघे तीन लाख आले; म्हणजे शेकडा चार. २००० सालापासून खोऱ्यात दुष्काळाने ठाण मांडले. २०२२च्या जुलैत जलाशयात क्षमतेच्या पावाहून किंचितच अधिक पाणी उरले होते आणि काठच्या खडकांवर जुन्या पातळीचा पांढरा पट्टा उघडा पडला होता.

अशा वेळी नगरीने पावसाची वाट पाहिली नाही. घरांत आणि हॉटेलांत वापरलेले बहुतेक सर्व पाणी शुद्ध करून पुन्हा जलाशयात सोडले जाते. घरापुढील हिरवळ काढून टाकणाऱ्यास पैसे देण्यात आले. केवळ शोभेसाठी रस्त्यांच्या व कचेऱ्यांच्या कडेने लावलेले गवत २०२६च्या अखेरीनंतर नदीच्या पाण्यावर पोसता येणार नाही, असा कायदाच २०२१ साली झाला. परिणामी २००२नंतरच्या वीस वर्षांत लोकसंख्या सुमारे सात लाखांनी वाढूनही नदीच्या पाण्याचा खर्च जवळजवळ पावपट कमी झाला. झरे आटल्याचा धडा या नगरीने उशिरा का होईना, पण गिरविला.

हे सारे आपल्याला दूरचे वाटावयास नको. पणजीस मांडवीच्या पात्रात दिव्यांनी लखलखणाऱ्या जुगारनौका गोमंतकीय श्रोत्यांनी पाहिल्याच असतील. तेथेही चक्र फिरते आणि तेथेही गणित मालकाच्याच बाजूचे असते. चक्रास दोन शून्ये असोत की एक, बेरीज बदलत नाही. मालकाचा लाभ तेवढा थोडा कमीजास्त होतो.

तेव्हा लास वेगासला जावे की न जावे? अवश्य जावे. रोषणाई पाहावी, गायन-नृत्याचे प्रयोग पाहावेत आणि सवड काढून हूव्हर धरणही पाहावे. खेळावयाचेच असेल, तर जेवढे पैसे नाटकाच्या तिकिटास घातले असते तेवढेच खिशात घेऊन बसावे आणि ते संपताच उठावे. धरणाकडे जाताना वाटेत बोल्डर सिटी लागेल. आजही त्या गावात जुगारास बंदीच आहे. धर्मराजाने अखेरच्या डावापूर्वी सभेतून उठावयास हवे होते, असे आपण हजारो वर्षे म्हणत आलो आहोत. त्या दालनात बसल्यावर, उठणे किती अवघड असते हे कळते. आणि म्हणूनच, केव्हा उठावयाचे हे आत शिरण्यापूर्वीच ठरविलेले बरे.